पंधरा प्रश्न आणि ओलं सरपण



या मालेची पत्रिका घरोघर गेली तेव्हा आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, ‘‘तुमच्या नावापुढे भलताच विषय छापलाय. वाढीच्या शेअर्सची निवड?’’ आम्ही म्हटलं, छापणाऱ्याची चूक नाही. पस्तीस वर्षं आम्ही तर्कशास्त्र आणि ज्ञानमीमांसा शिकवली. पुढे काय होईल हे माणसाला कितपत कळू शकतं, हा त्या विषयातला फार जुना प्रश्न. तो परीक्षेत चुकला तर पाच गुण जातात. बाजारात चुकला तर काय जातं, ते आम्ही पाहिलं आहे. आज त्याबद्दलच बोलायचं आहे, एका पुस्तकाच्या निमित्तानं. अमुक शेअर घ्या, तमुक विका, हे आमच्याकडून निघणार नाही. त्या आशेनं कुणी वही उघडली असेल तर त्यांनी ती खुशाल मिटावी.

पुस्तक आहे फिलिप फिशर यांचं ‘कॉमन स्टॉक्स अँड अनकॉमन प्रॉफिट्स’. प्रसिद्ध झालं १९५८ साली. फिशर सॅन फ्रान्सिस्कोचे, जन्म १९०७चा. १९३१ मध्ये, म्हणजे महामंदी ऐन भरात असताना, त्यांनी गुंतवणूक सल्ल्याचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. त्या काळातलं दुसरं मोठं नाव बेंजामिन ग्रॅहम यांचं. ग्रॅहम यांची शिकवण थोडक्यात अशी : ताळेबंद तपासा, शेअर त्याच्या मूल्यापेक्षा स्वस्त मिळाला तरच घ्या. फिशर यांचा रस्ता वेगळा. ते म्हणतात, वर्षानुवर्षं विक्री आणि नफा वाढवत नेतील अशा मोजक्या कंपन्या हुडका, घ्या आणि धरून ठेवा. मोटोरोला त्यांनी १९५५ मध्ये घेतली आणि २००४ मध्ये वारले तोवर ठेवली. आपल्याकडे दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीवर जे काही बोललं जातं, त्यातलं पुष्कळसं या पुस्तकातून आलं आहे, बोलणाऱ्याला ते ठाऊक असो वा नसो.

पुस्तकाचा गाभा म्हणजे पंधरा प्रश्न. कंपनीच्या मालाला पुढची कित्येक वर्षं पुरेल एवढी बाजारपेठ आहे का? आजचा माल जुना झाल्यावर विकायला नवं काही तयार करण्याची जिद्द चालकांत आहे का? संशोधनावर होणाऱ्या खर्चातून खरंच काही निष्पन्न होतं का? विक्रीची यंत्रणा कशी आहे? कामगारांशी संबंध कसे आहेत? चौदावा प्रश्न आमच्या विशेष आवडीचा : दिवस बरे असताना भरभरून बोलणारे चालक अडचण आली की तोंड मिटून बसतात का? आणि पंधरावा, चालकांच्या सचोटीचा. तिथे शंका असेल तर बाकीची चौदा उत्तरं कितीही चांगली असोत, फिशर त्या कंपनीच्या वाटेला जात नाहीत.

ही उत्तरं मिळवायची कुठून? वार्षिक अहवालातून नव्हे. ग्राहकांना विचारा, माल पुरवणाऱ्यांना विचारा, प्रतिस्पर्ध्यांना विचारा, नोकरी सोडून गेलेल्यांना विचारा. या पद्धतीला त्यांनी ‘स्कटलबट’ असं खलाशांच्या बोलीतलं नाव दिलं. जहाजावरच्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला तो शब्द होता, मग त्या पिंपापाशी रंगणाऱ्या गप्पांना. आपल्या भाषेत पाणवठ्यावरचं बोलणं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे भावतंच. शब्दप्रमाण मानायचं तर आप्त कोण, हे आधी ठरवावं लागतं, आणि स्वतःच्याच कंपनीबद्दल बोलणारा अध्यक्ष हा काही आप्त नव्हे. पाच जणांनी पाच बाजूंनी सांगितलेलं जुळलं तर विश्वास ठेवावा. इथपर्यंत फिशर यांचं आमच्याशी भांडण नाही.

आता आमची हकीकत. १९९९च्या शेवटी हे पुस्तक आमच्या हातात आलं. त्याच सुमारास पाचव्या वेतन आयोगाची थकबाकीही हातात आली होती. संगणक क्षेत्रातली एक कंपनी आम्ही हेरली. नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. आमचे तीन माजी विद्यार्थी तिथे नोकरीला होते, एक सोडून आलेला होता, आणि तिच्या एका ग्राहकाकडे आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा कामाला. म्हणजे पाणवठा घरातच! चांगले दोन महिने आम्ही चौकशा केल्या, पंधरा प्रश्नांची उत्तरं वहीत मांडली. तेरा ठिकाणी स्पष्ट होकार, दोन ठिकाणी बहुतेक होकार. फेब्रुवारी २०००मध्ये शेअर घेतले. वही आमच्या मेहुण्यांना दाखवली. ते नुकतेच निवृत्त झाले होते. ‘‘तुम्ही एवढा अभ्यास केलाय म्हटल्यावर…’’ असं म्हणून त्यांनी आमच्या तिप्पट रक्कम घातली.

दीड वर्षात भाव चौथाईवर आला. २००२ मध्ये मेहुण्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्यांनी आहे त्या भावाला विकून टाकले. आम्हाला एका शब्दानं बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

यात कंपनीनं काही वाईट केलं नव्हतं, ही गोष्ट आम्हाला बरीच वर्षं उमगत नव्हती. तिची विक्री वाढतच होती, नफा वाढत होता, वहीतली तेराच्या तेरा उत्तरं खरी ठरत होती. कंपनीबद्दलचं आमचं अनुमान बरोबर आणि तरी पैसा बुडालेला. मग चूक कुठल्या पायरीवर झाली?

उत्तर सापडलं ते ‘तर्कसंग्रह’ शिकवताना. तो दृष्टांत आम्ही बहुधा तिसाव्यांदा शिकवत होतो. जिथे धूर तिथे आग. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग असणार. हे अनुमान ठीक. आता उलटं करून बघा : जिथे आग तिथे धूर. चुलीपाशी ते पटतं. पण लोहाराच्या भात्यापुढचा तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. आग आहे, धूर नाही. नैयायिक म्हणतात, इथे व्याप्ती निखळ नाही, उपाधी लागलेली आहे. धूर निघतो तो नुसत्या आगीमुळे नव्हे, आगीला ओल्या सरपणाची जोड मिळते म्हणून. ती अट तुम्ही बोलून दाखवली नाही तर तुमचं वाक्य दहा घरांत खरं ठरेल आणि लोहाराकडे खोटं पडेल.

‘जिथे कंपनीची वाढ तिथे भागधारकाची वाढ’ हे तसलंच वाक्य आहे. तिथलं ओलं सरपण म्हणजे किंमत. फिशर यांचे पंधरा प्रश्न पुन्हा वाचा. त्यांतला एकही शेअरच्या किमतीबद्दल नाही.

थोडा हिशेब करू. कंपनी दर शेअरमागे १० रुपये कमावते आणि बाजारात तिचा भाव १००० रुपये आहे, म्हणजे पीई १००. तिचा नफा दहा वर्षं दरसाल २५ टक्क्यांनी वाढला, तर १० रुपयांचे सुमारे ९३ रुपये होतात. अशी कामगिरी फार थोड्या कंपन्यांना जमते, पण जमली असं धरू. दहा वर्षांनी उत्साह ओसरून पीई २० वर आला, तर भाव होतो १८६० च्या आसपास. तुम्हाला दरसाल मिळाले साडेसहा टक्क्यांहूनही कमी. आता दुसरी कंपनी, रंगरूप साधं. तीही १० रुपयेच कमावते, भाव १५०, नफ्याची वाढ १२ टक्के आणि दहा वर्षांनंतरही पीई १५च. भाव ४६५ च्या वर जातो, परतावा १२ टक्के. लाभांश दोन्हीकडे सोडून दिला आहे. वाढ दुपटीहून जास्त आणि मिळकत जवळपास निम्मी! आम्ही पैसे घातले त्या महिन्यात पीपीएफवर ११ टक्के मिळत होते, काही जोखीम न घेता. मेहुण्यांना आम्ही पोस्टात पाठवायला हवं होतं.

आमची कंपनी छोटी होती. मोठं आणि उजेडातलं उदाहरण हवं असेल तर इन्फोसिस बघा, १९८१ मध्ये आपल्या पुण्यात स्थापन झालेली. १९९३ मध्ये तिचा शेअर ९५ रुपयांना विक्रीला आला तेव्हा पुरेसे घेणारेही मिळाले नव्हते. मार्च २०००मध्ये त्याच शेअरवर झुंबड होती. पुढच्या चार वर्षांत कंपनीची वार्षिक विक्री २० कोटी डॉलरवरून १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली, पाचपट झाली, तरी मार्च २०००च्या शिखराला घेणारा तोट्यातच होता. कंपनी तीच, चालकही तेच. पंधरा प्रश्नांची उत्तरं दोन्ही वेळा जवळजवळ सारखी आली असती, किंबहुना २०००मध्ये जास्त चांगली.

मग फिशर यांच्यासारख्या चाणाक्ष माणसाला हे दिसलं नाही का? इथे न्यायानं बोललं पाहिजे. खरेदी केव्हा करावी, यावर पुस्तकात वेगळं प्रकरण आहे. चांगल्या कंपनीला तात्पुरती अडचण आलेली असते, नवा कारखाना सुरू होताना कुरकुरत असतो, तेव्हा घ्या, असं ते सांगतात. ओलं सरपण पुस्तकात आहे, पण दुसऱ्या खोलीत ठेवलेलं. आणि पीई चढा आहे म्हणजे पुढची वाढ भावात धरली गेलीच आहे असं समजू नका, असंही ते बजावतात. हे वाक्य आमच्यासारख्या उतावीळ वाचकाच्या फार सोयीचं.

आमच्या मते खरं कारण त्यांच्या काळात आहे. ज्यानं जन्मभर ओल्या सरपणाच्याच चुली पाहिल्या, त्याला ‘जिथे आग तिथे धूर’ यात काही अट आहे हे जाणवायचं कारण नाही. फिशर यांची उमेदीची पंचवीस वर्षं गेली ती मंदीनं पोळलेल्या अमेरिकेत. शेअर म्हटलं की लोक दचकत. दचकणाऱ्याला काही जास्त द्यावं लागतं, म्हणून शेअरवरचा लाभांश एरवी कर्जरोख्यांच्या व्याजापेक्षा जास्त असे. हे समीकरण उलटलं, शेअरवरचा लाभांश रोख्यांच्या व्याजाखाली गेला, ते साल कोणतं? १९५८! पुस्तक छापून आलं तेच वर्ष. सरपण वाळायला लागलं आणि त्याच वेळी ओल्या सरपणाच्या अनुभवावर लिहिलेलं पुस्तक दुकानात आलं.

पुढे काय झालं ते प्रसिद्ध आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ‘निफ्टी फिफ्टी’ नावाची पन्नासेक कंपन्यांची यादी लोकांच्या तोंडी होती. एकदा घ्या, विकूच नका, किमतीकडे बघू नका. झटपट फोटो देणाऱ्या पोलरॉइडचा पीई नव्वदीच्या पुढे गेला होता. १९७३-७४च्या मंदीत तो शेअर शिखरापासून सुमारे ९० टक्क्यांनी घसरला, आणि २००१ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी पत्करली. त्याच यादीत कोका-कोला आणि मॅकडोनाल्ड्सही होत्या आणि त्या टिकल्या, हेही सांगायला हवं. १९७५ मध्ये फिशर यांचं तिसरं पुस्तक आलं. त्यात त्यांनी सुरक्षित गुंतवणुकीची चार परिमाणं सांगितली आहेत, आणि चौथं आहे किंमत! ‘आमचं चुकलं’ असं ते कुठे म्हणत नाहीत. पण तार्किकाला एवढं पुरतं. उपाधी शेवटी अनुमानात आली. दुर्दैव एवढंच की १९५८चं पुस्तक सगळे वाचतात आणि १९७५चं फारसं कुणी नाही.

पाणवठ्याबद्दल जाता जाता एक शंका. २००८ मध्ये सत्यम कंपनीला सुशासनाचा गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला. ७ जानेवारी २००९ला तिच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कळवलं की हिशेबातली हजारो कोटींची रोकड मुळात नव्हतीच. पंधराव्या प्रश्नाला पाणवठ्यावर काय उत्तर मिळालं असतं? नोकरांना माहीत नव्हतं, ग्राहकांना काम वेळेवर मिळत होतं. काही गोष्टी पाच साक्षीदारांनाही दिसत नाहीत. म्हणून फिशर यांच्यासारख्या मोजक्याच कंपन्या धराव्यात, हे आम्हाला पटत नाही. त्यांनी आयुष्यभर जे केलं ते ज्याला पेन्शनवर घर चालवायचं आहे त्यानं करू नये. मोटोरोलाचं उदाहरण आपण ऐकतो, कारण ती टिकली. आणि २०००नंतर ती कोसळली तेव्हाही फिशर यांच्याकडे होतीच.

गेल्या दिवाळीत मेहुण्यांचा नातू घरी आला होता. सत्तावीस वर्षांचा आहे, पगार चांगला, मोबाइलवर डीमॅट. म्हणाला, ‘‘आजोबा, ही कंपनी पुढची वीस वर्षं नुसती वाढणार आहे.’’ आम्ही त्याला एवढंच विचारलं, ‘‘त्या वीसपैकी किती वर्षांची वाढ तू आजच्या भावात आधीच मोजून देतोयस?’’ तो गप्प झाला. मग दोघांनी बसून गणित मांडलं. अकरा वर्षं निघाली. त्यानं ती खरेदी लांबणीवर टाकली. बरोबर केलं की चूक, ते अजून ठरायचं आहे.

आमची ती जुनी प्रत आज बरोबर आणली आहे. व्याख्यान संपल्यावर ज्याला हवी त्यानं चाळावी. पंधरा प्रश्नांच्या पानांवर समासात जागा उरलेली नाही, इतक्या टिपा आहेत. खरेदी केव्हा करावी त्या प्रकरणात पेन्सिलीची एकही खूण नाही, आणि दोन पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत.

घड्याळ दाखवताहेत. प्रश्न घेऊ या.