‘व इतर’ म्हणजे कोण?



राळेगावात बोलायचं आणि विषय स्थानिक इतिहासाचा, त्यातही जुन्या छायाचित्रांचा, म्हणून आम्हांला हे निमंत्रण आवडलं. अलीकडे तालुक्यातालुक्यांत इतिहासप्रेमी मंडळी एकत्र येतात. घरोघरचे जुने फोटो गोळा करतात, ते मोठे करून छापतात, एखाद्या सभागृहात प्रदर्शन भरवतात, सकाळी वारसाफेरी काढतात, संध्याकाळी दोन ज्येष्ठांना शाल-श्रीफळ देतात. लोक येतात, आपला आजोबा ओळखतात, मोबाइलवर फोटोचा फोटो काढून घरी नेतात. हे चांगलं आहे, याबद्दल वाद नाही. ज्या गावाचं नाव इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात येत नाही, त्या गावाला आपल्यालाही काही भूतकाळ आहे असं वाटणं ही लहान गोष्ट नव्हे.

पण नाटकाचं परीक्षण होतं, ग्रंथाचं होतं, तसं अशा प्रदर्शनाचंही व्हायला हवं. भिंतीवर लावलेला असला तरी तो एक ग्रंथच असतो. त्याचा कोणीतरी लेखक असतो, त्यात काही घेतलेलं असतं, काही गाळलेलं असतं. आज आम्ही त्याचं परीक्षण करणार आहोत. आमचा आक्षेप फोटोंवर नाही. तो फोटोखालच्या ओळीवर आहे.

ती ओळ साधारण अशी असते: ‘डावीकडून अमुकराव, तमुकसाहेब व इतर.’ कधी ‘मान्यवर व ग्रामस्थ’. कधी नुसतंच ‘जुने राळेगाव’. हे ‘व इतर’ म्हणजे कोण, हा आमचा प्रश्न.

आधी परंपरा बघू. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, पुढे त्याचे बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, राजवाड्यांच्या पश्चात धुळ्याला त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. आपल्या यवतमाळात य. खु. देशपांडे यांच्या पुढाकाराने शारदाश्रम उभा राहिला. महानुभावांच्या पोथ्या शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ही माणसं दप्तरांसाठी, पोथ्यांसाठी गावोगाव फिरली. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे खूप वाद झाले, ते व्हायलाच हवेत. पण त्यांची एक शिस्त होती. कागद कोणाच्या घरचा, कोणत्या गावचा, त्यावर मिती कोणती, अक्षर वाचता आलं नाही तर कुठे आलं नाही, हे सगळं नोंदलं जाई. कागद मिळाला की अर्धं काम झालं असं ते समजत. उरलेलं अर्धं काम म्हणजे ही नोंद.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. पोथी समोर आहे, कागद शाबूत आहे, शाई ठळक आहे, आणि तरीही अक्षर कळत नाही, अशी कित्येक पिढ्या स्थिती होती. विसाव्या शतकाच्या आरंभी लिपीची किल्ली हाती आली आणि मराठीचं मोठं गद्य उजेडात आलं. नाव-गाव नसलेला फोटो हा तशाच बंद पोथीसारखा असतो. फरक एवढाच की पोथीची किल्ली पंथाने जपून ठेवली होती. फोटोची किल्ली गावातल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या एखाद्या आजीच्या डोक्यात असते, आणि ती लिहून ठेवायची कोणाच्या ध्यानात येत नाही.

यावर कोणी म्हणेल, फोटोला कशाला हवी किल्ली? तो तर डोळ्यांनी दिसतो! इथे आम्हांला थोडं शास्त्रात शिरावं लागेल. चाळीस वर्षांची सवय आहे, सांभाळून घ्या. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. फोटो बघताना आपल्याला वाटतं की हे प्रत्यक्ष आहे. पण प्रत्यक्ष फक्त एवढंच असतं की एक बाई उभी आहे, तिच्या डोक्यावर कापसाचं गाठोडं आहे, मागे कवेलूचं घर आहे. ती मजूर आहे की शेताची मालकीण, हे अनुमान झालं. ती कोण, कोणत्या गावची, फोटो कोणत्या साली काढला, हे कोणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणजे ते शब्दप्रमाण झालं, आणि शब्द प्रमाण ठरतो तो सांगणारा आप्त असेल तर, म्हणजे जाणणारा आणि खरं बोलणारा असेल तर. तेव्हा फोटोतला जो भाग आपण इतिहास म्हणून घेतो, तो जवळजवळ सगळा शब्दावर उभा असतो. तो शब्दच गाळला तर उरतं ते चित्र. छान असेल, पण इतिहास नव्हे.

बरं, ‘व इतर’ ही ओळ आळसातून येते म्हणावं, तर नेहमी तसंही नाही. तिला एक जुना पाया आहे. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. अभ्यासकाला तो आजही लागतो. त्यात छायाचित्रं आहेत, पण त्यांतल्या माणसांची ओळख बहुधा जातीची, जमातीची किंवा धंद्याची. माणूस नमुना म्हणून उभा केलेला. साहेबाला त्याच्या नावाची गरज नव्हती, कारण त्याला प्रकार हवा होता. साहेब गेला. पण आपल्या प्रदर्शनात ‘आदिवासी नृत्य’, ‘कापूस वेचणाऱ्या स्त्रिया’ अशा ओळी लागतात आणि त्याच भिंतीवर वाड्यातल्या लग्नाच्या फोटोत मात्र करवलीचंसुद्धा नाव असतं, तेव्हा साहेबाची ती नजर आपण अजून वापरतो आहोत, असं म्हणावं लागतं.

स्वातंत्र्यलढ्याचंही बघा. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. सरकारी जंगलातलं गवत कापायचं आणि अटक करून घ्यायची, असा तो कायदेभंग. बापूजी आपल्या वणीचे, त्यांचं नाव जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक. पण लढा पसरतो तो पाठोपाठ विळा घेऊन जाणाऱ्यांमुळे. त्यांची नावं कुठे आहेत? काही तुरुंगाच्या नोंदींत असतील, काही घराघरांत असतील. बहुतेकांचं आज ‘व इतर’ झालं आहे.

हे बदलता येतं, आणि आपल्याच विदर्भाच्या इतिहासात ते बदललं गेलं आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. डॉ. आंबेडकर उपस्थित होते, हजारो स्त्रिया आल्या होत्या, अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. पुढची कित्येक वर्षं चळवळीच्या इतिहासात या स्त्रिया गर्दी म्हणूनच उरल्या. मग उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी निघाल्या, घरोघरी गेल्या, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांना बोलतं केलं, आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. शीर्षकातला तो ‘ही’ लक्षात घ्या. ‘व इतर’ला दिलेलं ते उत्तर आहे. त्यांच्यामागे कोणी मोठी संस्था नव्हती. माणसाजवळ जाऊन बसायचं, विचारायचं आणि लिहून घ्यायचं, एवढीच त्यांची पद्धत.

आता दुसरा मुद्दा, अधिक अवघड. ज्यांचा फोटोच नाही, त्यांचं काय?

भाट्ट मीमांसक आणि अद्वैती यांनी आणखी एक प्रमाण मानलं आहे, अनुपलब्धी. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तिथे घडा नाही असं आपल्याला कळतं. पण त्यांनी एक अट घातली. घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून घडा नाही असं ठरत नाही. आता ही अट आपल्या जुन्या अल्बमांना लावून बघा. कॅमेरा कोणाकडे यायचा? स्टुडिओत जायला पैसे कोणाकडे असायचे? कोलामांच्या पोडावर फोटोग्राफर कशाला जाईल? ती खोली अंधारीच होती. तेव्हा फोटो नाही म्हणून ही माणसं गावाच्या इतिहासात नव्हती, असं सिद्ध होत नाही. प्रदर्शन मात्र नकळत तेच सिद्ध करून दाखवतं. ज्यांच्याकडे अल्बम होते त्यांचं घराणं म्हणजे गाव, असा हिशेब भिंतीवर लागतो.

फोटोवाचून स्मृती टिकते याचं उदाहरण इथून जवळच आहे. रावेरीचं सीतामंदिर आपणां सर्वांना माहीत आहे. रामाशिवायची, एकटी सीता. टाकून दिलेली गर्भार सीता इथे आली, लव-कुशांना वाढवायला तिने घरोघरी पसाभर गहू मागितला, गावाने नाही म्हटलं, आणि ‘इथे गहू पिकणार नाही’ असा तिने शाप दिला, अशी कथा. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला आणि बाईच्या नावावर जमीन करण्याच्या लक्ष्मीमुक्तीच्या विचाराशी ही सीता जोडली. कथा खरी की खोटी, हा प्रश्न इथे गौण आहे. एका गावाने आपल्याच पूर्वजांनी एका बाईला नाही म्हटल्याची गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगत ठेवली, हे आमच्या मते फार मोलाचं आहे. वारसा म्हणजे फक्त मिरवण्याच्या गोष्टी नव्हेत. लाज वाटावी अशाही गोष्टी त्यात येतात. आपल्या किती प्रदर्शनांत अशी एक तरी चौकट असते?

आणि आता आपल्या जिल्ह्याचा सगळ्यांत जास्त छापला गेलेला फोटो. तुमच्या डोळ्यांपुढे तो आलाच असेल. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्याच्या आगेमागे देशोदेशीचे पत्रकार इथे आले. दारात बसलेली बाई, तिच्या हातात नवऱ्याची फ्रेम. तो आतला फोटोही बघा. कित्येकदा कुठल्यातरी कागदपत्रासाठी काढलेला पासपोर्ट फोटोच मोठा केलेला असतो. जिवंतपणी त्याचा हौसेने कोणी फोटो काढला नव्हता. आणि तिला काय म्हणायचं आहे, हे त्या फोटोत नसतं. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. शेतकऱ्याची विधवा म्हणून ज्यांच्याकडे कॅमेरे बघत, त्या तिथे स्वतः बोलल्या. फोटोत असणं आणि बोलणं यांत किती अंतर आहे, ते त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राला दिसलं. पन्नास वर्षांनी कोणी या तालुक्याचं प्रदर्शन भरवलं आणि तो दारातला फोटो ‘शेतकरी विधवा’ एवढ्याच ओळीने लावला, तर आपल्यालाही १९१६च्या त्या ग्रंथाच्या रांगेत बसावं लागेल.

मग करायचं काय? नुसता दोष दाखवून उठणं बरं नव्हे, म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

एक, मूळ फोटो घरच्यांकडून काढून घेऊ नका. प्रत करा, मूळ परत द्या, आणि कोणाच्या घरचा ते लिहा. दोन, मागच्या बाजूला पेन्सिलने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन उमटतं आणि शाई फुटते. तीन, प्रदर्शनात प्रत्येक फोटोखाली एक कोरा कागद लावा आणि पेन्सिल टांगा. म्हातारी माणसं येतील, कोणी म्हणेल, “हे तं आमच्या मावशीचं पोट्टं व्हय!” ते तिथल्या तिथे लिहून घ्या. दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहा, सांगणाऱ्याच्या नावासकट. उद्घाटनाच्या भाषणांपेक्षा हा कार्यक्रम जास्त मोलाचा. चार, प्रदर्शन फक्त सभागृहात ठेवू नका. पी. साईनाथ यांनी ग्रामीण स्त्रियांच्या श्रमाचे फोटो बसस्थानकांत, कारखान्यांच्या दारांत, मजुरांच्या मेळाव्यांत नेले. आपणही बाजाराच्या दिवशी एस.टी. स्टँडवर लावू शकतो, पोडावर नेऊ शकतो. पाच, ज्यांचा फोटो नाही त्यांच्यासाठी भिंतीवर रिकामी चौकट ठेवा आणि तिच्याखाली त्यांनी सांगितलेली हकीकत लावा. सहा, जिवंत माणसाच्या दुःखाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय लावू नका. नाही म्हटलं तर काढून टाका.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. असं खोलात गेलं की भांडणं निघतात. सावकारी निघते, कोणाला कोणत्या विहिरीवर पाणी नव्हतं ते निघतं, जमीन कोणाची कोणाकडे गेली ते निघतं. मंडळ म्हणेल, आम्हांला गाव जोडायचं आहे, तोडायचं नाही. आमचं उत्तर असं की अर्ध्या गावाचं नाव ‘व इतर’ असेल तर ते जोडलेलं नव्हतंच. नाव लिहिल्याने ते तुटत नाही. रावेरीने आपली गोष्ट लपवली नाही, म्हणून रावेरी काही मोडलं नाही.

घाई मात्र आहे. फोटोला उधई लागली तर निदान दिसते. नावं सांगणारी माणसं जातात, ती आवाज न करता जातात. त्यांच्या नातवंडांकडे फोटो राहतील, मोबाइलमध्ये हजारांनी राहतील, आणि त्यांतला कोण कोणाचा हे सांगायला कोणी उरणार नाही. तेव्हा आजच्या आज घरी जाऊन पेटीतला एक फोटो काढा, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला दाखवा, आणि कडेला उभ्या असलेल्या, अर्ध्याच आलेल्या त्या माणसावर बोट ठेवून विचारा, हा कोण?

एवढं बोलून आम्ही थांबतो.