ख्रिस्ती दृष्टी आणि शाळेतला खेळाचा तास



विषय ऐकून काहींनी भुवया उंचावल्या असतील. वाशीम जिल्ह्यातल्या गावात ख्रिस्ती शारीरिक शिक्षणावर बोलायचं काय कारण? कारण अगदी साधं आहे. आपल्याकडं संध्याकाळी गावोगाव पोरं जाळी बांधून व्हॉलीबॉल खेळतात. हा खेळ 1895 साली अमेरिकेतल्या होल्योक गावी विल्यम मॉर्गन यांनी काढला आणि ते वायएमसीएचे, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे, व्यायाम संचालक होते. तेव्हा ही दृष्टी आपल्या मैदानात केव्हाच येऊन बसली आहे. ती तपासायची, एवढंच काम आज आहे.

ख्रिस्ती विचार देहाला तुच्छ लेखतो, असा एक समज आहे. तो अर्धवट आहे. संत पॉलच्या पत्रांत देहाला पवित्र आत्म्याचं मंदिर म्हटलं आहे. शिवाय मरणानंतर नुसता आत्मा उरतो यावर हा धर्म थांबत नाही, तो देहाच्याच पुनरुत्थानाची गोष्ट करतो. म्हणजे देह माझ्या मालकीचा नाही, सांभाळायला दिलेला आहे. बरं, यातून दोन गोष्टी निघतात. देहाची निगा राखायची, ही एक. आणि लंगडा, दुबळा, आजारी देहसुद्धा तेवढाच मोलाचा, ही दुसरी. माझी तक्रार अशी आहे की शाळांनी पहिली उचलली आणि दुसरी मैदानाबाहेर ठेवली.

हे झालं कसं? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पिळदार ख्रिस्तीपणाची लाट आली. चार्ल्स किंग्जली, आणि 1857 साली रग्बीच्या शाळेवर कादंबरी लिहिणारे थॉमस ह्यूज, ही त्यातली मोठी नावं. मैदानावर शील घडतं, असं ते मानत. घडतही असेल, पण त्याच मैदानावर साम्राज्याचे अंमलदारही घडत होते. त्या काळच्या मर्दानगीच्या कल्पनेला बायबलचा आधार दिला गेला, असं माझं मत आहे.

तिकडून आलेले टिंडेल-बिस्को श्रीनगरच्या मिशन शाळेत 1891 साली फुटबॉल घेऊन आले. पंडितांची मुलं चामड्याला शिवेनात. तेव्हा शिक्षकांच्या हाती काठ्या देऊन मुलांना मैदानावर हाकललं गेलं. हीच मुलं पुढं पोहायला शिकली, पुरात, आगीत लोकांच्या मदतीला धावली, हेही खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण देहाला मंदिर म्हणायचं आणि त्याच मंदिराचं दार लाथेनं उघडायचं, हे मला पटत नाही.

योगायोग बघा. त्याच 1891 च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डला, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ एक नवा खेळ रचत होते. गृहस्थ धर्मशास्त्र शिकलेले. थंडीत बंद खोलीत खेळायचं, आणि अठरा दांडगे तरुण समोर. फुटबॉल आत खेळले तर हाडंच मोडायची. म्हणून त्यांनी ठरवलं, चेंडू हातात घेऊन पळायचं नाही. धक्का, पकड, अडथळा बंद. आणि पीचची टोपली टांगली डोक्याच्या वर, दहा फुटांवर. का? तर उंचावरच्या टोपलीत चेंडू अलगदच टाकावा लागतो, नुसत्या जोराचा तिथं उपयोग नाही. तेरा नियमांचा हा खेळ. त्यासाठी कोणाचा धर्म बदलावा लागत नाही. सामन्याआधी प्रार्थना म्हणण्यापेक्षा टोपली उंच टांगणं मला जास्त ख्रिस्ती वाटतं!

स्प्रिंगफील्डचेच हॅरी क्रो बक यांनी 1920 साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय सुरू केलं. 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकला भारताच्या पथकाबरोबर तेच गेले होते. आपल्याकडं त्याआधीच, 1914 साली, अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायामशाळा काढली होती. तिथं मारुती, इथं ख्रिस्त. पण परीक्षा दोघांना एकच लावायला हवी. अमरावतीच्या पथकानं 1936 साली बर्लिनला देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्याचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा. मात्र ज्या नगरीत ती झाली तिथं पिळदार देहाची पूजा चालली होती, आणि त्याच राजवटीनं तीन वर्षांनी अपंग मुलांना मारायला सुरुवात केली. देह कशासाठी, हा प्रश्न सोडला की बलोपासना कुठं जाऊ शकते, ते तिथं दिसलं. आखाडा असो की जिमखाना, कोणीच त्यापासून आपोआप सुरक्षित नाही.

आता आपल्या शाळा. मिशनच्या घ्या, जिल्हा परिषदेच्या घ्या. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला जातो. उरलेल्या तासात सर दोन चलाख पोरांना संघ निवडायला सांगतात. एकेकाचं नाव पुकारलं जातं. शेवटी कोण उरतं? जाडा, चष्मेवाला, पायानं अधू असलेला. मुली बहुतेक वेळा पुकारल्याच जात नाहीत, त्या कडुनिंबाखाली दप्तरं राखत बसतात. मिशनच्या शाळेत भिंतीवर देह मंदिर असल्याचं वचन असतं, आणि ही निवड त्याच भिंतीसमोर चालते. ते वचन खरं मानणाऱ्या सरांनी आधी ही पुकारायची पद्धत बंद करावी, आणि झाडाखालच्यांना खेळता येईल असा एखादा नियम बसून रचावा. नेस्मिथना त्यासाठी दोन आठवड्यांची मुदत मिळाली होती.

प्रश्न असतील तर विचारा, मी बसूनच उत्तरं देतो.