कीवर्ड नक्की कोणासाठी? दोन पेपरांचं परीक्षण

सबमिशनच्या फॉर्ममध्ये 'कीवर्ड' हा रकाना आला की बहुतेक जण शीर्षकातलेच शब्द पुन्हा तिथे टाकतात आणि 'नेक्स्ट' दाबतात. तुमचे सीनियरही हेच करतात. पॅट्रिस पोत्तिए आणि सहकाऱ्यांनी 2024 मध्ये 'प्रोसीडिंग्ज ऑफ द रॉयल सोसायटी बी'मध्ये हे मोजून दाखवलं. परिसंस्थाशास्त्र आणि उत्क्रांतीशास्त्रातले 5,323 अभ्यास त्यांनी तपासले. त्यांतल्या 92 टक्क्यांमध्ये शीर्षकात किंवा सारांशात आधीच असलेले शब्द कीवर्डमध्ये परत आले होते.

या पेपरचा सल्ला असा: सगळ्यांना माहीत असलेला, प्रचलित शब्द वापरा आणि कीवर्डची जागा पुनरुक्तीत घालवू नका.

आता 2010 चा पेपर घ्या. योरान बेल, बेला गिप आणि एरिक वाइल्ड यांनी शोधनिबंधांसाठी एसईओ ही कल्पना 'जर्नल ऑफ स्कॉलरली पब्लिशिंग'मध्ये मांडली. त्यांचा रोख गूगल स्कॉलरवर. ज्या शब्दावर आधीच गर्दी आहे तो टाळून कमी स्पर्धेचा शब्द निवडणं बरं, असं ते सुचवतात.

म्हणजे एक म्हणतो गर्दीत जा, दुसरा म्हणतो गर्दी टाळा! मग करायचं काय?

माझ्या मते दोघांच्या डोळ्यांसमोरचा शोधणारा माणूसच वेगळा आहे, आणि हे दोघांनीही पुरेसं स्पष्ट केलेलं नाही. गूगल स्कॉलर उतरंड लावतं. शोधणारा पहिलं पान बघतो, फार तर दुसरं. तिथे स्पर्धेचा विचार समजू शकतो, तरी तो मुळात दुकानांच्या वेबसाइटवरून आलेला आहे. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करणारा असं करत नाही. तो वेब ऑफ सायन्ससारख्या डेटाबेसमध्ये 'अँड', 'ऑर' लावून शब्दांची साखळी टाकतो आणि आलेली अख्खी यादी चाळतो. तिथे 'टॉपिक' हा शोध शीर्षक, सारांश आणि कीवर्ड एकत्रच बघतो. शब्द एकदा आला काय, तीनदा आला काय, पेपर यादीत असतो किंवा नसतो. नसला तर तुमच्या दोन हंगामांचा डेटा त्या रिव्ह्यूच्या निष्कर्षात मोजलाच जात नाही, आणि तुम्हाला ते कधी कळतही नाही.

बाजरीचंच बघा. इंग्रजीत 'पर्ल मिलेट', भारतीय अहवालांत 'बाजरा'. शास्त्रीय नाव पेनिसेटम ग्लॉकम, पण आता बरेच जण सेंक्रस अमेरिकॅनस लिहितात, आणि जुन्या भारतीय पेपरांत पेनिसेटम टायफॉइडीस भेटतं. पीक एकच! शीर्षकात 'पर्ल मिलेट' आणि पेनिसेटम ग्लॉकम असेल, तर कीवर्डमध्ये तेच पुन्हा कशाला? तिथे सेंक्रस अमेरिकॅनस आणि 'बाजरा' टाका. इथे पोत्तिए यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं.

'प्रचलित शब्द वापरा' हा सल्ला मात्र जसाच्या तसा घेऊ नका. नुसतं 'ड्रॉट' लिहिलं तर तुमचं काम फुलोऱ्यानंतरच्या अवर्षणाबद्दल आहे हे हरवतं. 'पोस्ट-अँथेसिस वॉटर डेफिसिट' लिहिलं तर 'ड्रॉट' शोधणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. 'टर्मिनल ड्रॉट' लिहा. नेमका शब्द, आणि त्याच्या पोटात प्रचलित शब्दही. अशी जोडी प्रत्येक विषयात मिळेलच असं नाही, पण आधी शोधून तर बघा.

92 टक्क्यांबद्दलही थोडं सावध राहा. लेखक काय करतात ते हा आकडा सांगतो. त्यामुळे किती पेपर सापडायचे राहिले, ते यात नाही. परिसंवादात हा आकडा 'नुकसान' म्हणून सांगू नका, कोणीतरी विचारेलच.

बेल आणि गिप यांचा त्याच वर्षीचा दुसरा पेपर मला जास्त आवडला. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लपवलेला मजकूरही गूगल स्कॉलर अनुक्रमित करतं, हे त्यांनी प्रयोगाने दाखवलं. एसईओ शिकवणाऱ्यांनीच त्यातली लबाडी उघडी केली, हे विशेष.

कीवर्ड ठरवायला सुरुवात करायची तर तुमच्या विषयावरचा एखादा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू उघडा. त्याच्या पुरवणीत शोधाची पूर्ण साखळी बहुधा दिलेली असते. तुमचं शीर्षक, सारांश आणि कीवर्ड तिच्याशी ताडून बघा, आणि साखळीतल्या कुठल्या गटात तुमचा एकही शब्द बसत नाही ते आधी शोधा.