‘विसरण’ : संज्ञा आणि तिची व्याख्या

मराठी विज्ञानलेखनात ‘विसरण’ ही संज्ञा आता रुळली आहे. अधिक संहतीच्या जागेकडून कमी संहतीच्या जागेकडे कणांचे आपोआप होणारे स्थलांतर, अशी तिची व्याख्या विद्यार्थी पाठ करतो. पाण्यात पडलेल्या शाईच्या थेंबापुरती ती निर्दोष आहे. पोलादापाशी मात्र ती अडखळते.

आर्वीसारख्या कपाशीच्या मुलखातील उदाहरण घ्यावे. मऊ लोखंडाच्या कुऱ्हाडीस पोलादी धार जोडताना तापलेल्या सांध्यातून कार्बन पोलादाकडून लोखंडात उतरतो. येथवर व्याख्या टिकते. परंतु धारेसाठी मोटारीचा जुना कमानपाटा घेतल्यास प्रश्न निराळा होतो. कारण त्या पोलादात सिलिकॉन, मँगनीज वा क्रोमियम यांचाही अंश असतो. क्रोमियम, मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम यांची कार्बनशी जवळीक अधिक, म्हणून ती त्यास धरून ठेवतात; सिलिकॉन व निकेल त्यास दूर सारतात.

या बाबतीत डार्कन यांचा १९४९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग निर्णायक होय. त्यांनी सुमारे ०.४८ व ०.४४ टक्के कार्बनाचे दोन तुकडे सांधले. पहिल्यात सुमारे ३.८ टक्के सिलिकॉन होते. १०५० अंश सेल्सिअस तापमानात १३ दिवस ठेवल्यावर सांध्यालगत सिलिकॉनच्या बाजूचा कार्बन सुमारे ०.३२ टक्क्यांवर आला, तर दुसऱ्या बाजूचा सुमारे ०.५८ टक्क्यांवर गेला. लोहाच्या अणूंमधील फटींतून कार्बन चपळाईने सरकतो. लोहाच्याच जागी बसलेले सिलिकॉन तेवढ्या अवधीत फारसे हलत नाही. म्हणजे कार्बन कमी संहतीकडून अधिक संहतीकडे गेला. उतार होता तो संहतीचा नव्हे, रासायनिक विभवाचा.

मग संज्ञाच बदलावी काय? ‘वि’ या उपसर्गाने पांगण्याचा अर्थ सुचतो आणि येथे तर कार्बन साचला, हा आक्षेप संभवतो. परंतु संज्ञा व्युत्पत्तीच्या बळावर जगत नाही. ‘ऑक्सिजन’ म्हणजे मूळ अर्थाने आम्लजनक. ऑक्सिजनविरहित आम्ले सापडली, तरी नाव राहिलेच. दोष शब्दाचा नसून व्याख्येचा आहे. ‘अधिक रासायनिक विभवाकडून कमी विभवाकडे’ ही दुरुस्ती उच्च वर्गांच्या पुस्तकांत व्हावी. शालेय पुस्तकात जुन्या वाक्यास ‘बहुधा’ हा एक शब्द जोडला, तरी पुढे पोलाद शिकणाऱ्यास पाठ केलेले पुसावे लागणार नाही.