जोड कोणी टाळली?

कुस्तीशौकिनांच्या बोलण्यात दोन वाक्ये वारंवार येतात. एक, 'त्याने जोड टाळली.' दुसरे, 'त्याला जोड मिळाली नाही.' घटना बहुतेक वेळा एकच असते. दोन मल्ल समोरासमोर यायला हवे होते, ते आले नाहीत. पण पहिल्या वाक्यात कर्ता आहे आणि ठपका त्याच्यावर आहे. दुसऱ्यात कर्ता नाहीच, त्यामुळे ठपकाही कुणावर नाही. कोणत्या मल्लासाठी कोणते वाक्य वापरायचे, हे घटनेवरून क्वचितच ठरते. तो मल्ल आपला की दुसऱ्यांचा, यावरून ते ठरते. प्रस्तुत लेखात मला हे व्याकरण तपासायचे आहे.

मी कार्ल्याचा. मावळात जत्रांचे दिवस सुरू झाले की गावोगाव आखाडे भरतात. गेली तीसेक वर्षे मी ते पाहतो, कुस्तीची आणि मुष्टियुद्धाची कात्रणे जमवतो आणि शेजारी बसलेली माणसे काय म्हणतात ते वहीत टिपतो. विद्यापीठाची पदवी या कामामागे नाही. पण एकाच माणसाचे दहा वर्षांच्या अंतराने केलेले दोन निवाडे शेजारी ठेवून वाचता येतात, हा वहीचा मोठा फायदा. असे निवाडे ज्यांच्याबाबत सर्वांत जास्त उलटसुलट निघतात ते मल्ल एका विशिष्ट जातीचे असतात. मी त्यांना 'टाळलेले मल्ल' म्हणतो. ज्यांच्याशी लढण्यात प्रतिस्पर्ध्याला धोका मोठा आणि लाभ थोडा, असे हे मल्ल. त्यांचे चाहते न झालेली प्रत्येक कुस्ती विजयाच्या खात्यात जमा करतात, तर विरोधक तीच कुस्ती डागाच्या खात्यात लिहितात.

आखाड्यातला जुना न्याय

जत्रेच्या आखाड्यात हा प्रश्न फारसा बिकट होत नाही. तिथे जोड पंच लावतात. पोरांच्या नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत वजन, उंची, नाव आणि तयारी पाहून चारचौघांसमोर जोड ठरते. ज्याला जोड मिळालेली नाही तो हात वर करून फडात फेरी मारतो. कुणी पुढे आले नाही तर कमीपणा त्याला येत नाही. एखाद्या वस्तादाने 'पोरगं अजून तयार नाही' म्हणून सांगितले, तर त्या पोराला कुणी भित्रा म्हणत नाही. सारांश, जोड न लागण्याची जबाबदारी कुणाची, हे तिथे डोळ्यांना दिसते.

जोड लावण्याचे काम फडातून उठून संघटनेच्या कचेरीत, ठेकेदाराच्या करारात किंवा न्यायालयात गेले की हे दिसणे बंद होते. मग दिसतो फक्त मल्ल. जे दिसते त्यालाच दोष द्यायचा, ही माणसाची सवय. दुटप्पीपणाचे मूळ मला इथे सापडते. शौकीन लबाड असतात असे माझे म्हणणे नाही. अपुऱ्या माहितीची पोकळी ते आपल्या मायेने किंवा रागाने भरून काढतात, एवढेच.

गामा आणि गॉच

आपल्याकडचे सर्वांत लाडके उदाहरण गामाचे. १९१० साली तो लंडनला गेला. उंचीचे निमित्त करून त्याला स्पर्धेत घेतले नाही, मग त्याने उघड आव्हान दिले, ही हकीकत प्रत्येक तालमीत सांगितली जाते. त्याने अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला हरवले. १० सप्टेंबरला पोलंडच्या झ्बिस्कोशी त्याची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली आणि बरोबरीत सुटली. झ्बिस्को बराच वेळ पोटावर पडून राहिला. १७ सप्टेंबरला पुन्हा कुस्ती ठरली, पण झ्बिस्को आलाच नाही. पुढे १९२८ मध्ये पतियाळाला तो आला, तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत अस्मान दाखवले. इतके सगळे खरे आहे आणि अभिमानाचेही आहे.

अडचण याच्या पुढच्या वाक्यात आहे. त्या काळचा जगज्जेता फ्रँक गॉच गामाला 'घाबरला', असे आपण ठामपणे सांगतो. गॉच गामाशी लढला नाही हे खरे. पण याच गॉचने १९१० च्याच जून महिन्यात शिकागोत याच झ्बिस्कोला हरवले होते, हे आपल्या हकीकतीत येत नाही. गामापेक्षा गॉच मोठा होता असे यावरून मुळीच ठरत नाही. दोघांच्या कुस्तीचे नियम वेगळे, बाजार वेगळे, समुद्र मध्ये. मात्र 'घाबरला' या शब्दासाठी जो पुरावा लागतो तो आपल्याकडे नाही, आणि जो पुरावा अडचणीचा आहे तो आपण गाळतो.

उलट बाजू पाहा. गामाला आव्हान देणाऱ्याने आधी त्याचा भाऊ इमामबक्ष याला हरवावे, अशी रीत असल्याचे सांगितले जाते. त्याला आपण घराण्याचा दबदबा म्हणतो. गॉचने 'आधी माझ्या भावाला हरव' असे म्हटले असते, तर आपण त्याला काय म्हटले असते?

टाळलेला टाळणारा होतो

मुष्टियुद्धात हीच गोष्ट वर्णभेदामुळे अधिक कडवट झाली. जॅक जॉन्सन हा कृष्णवर्णीय योद्धा जगज्जेत्या टॉमी बर्न्सच्या मागे देशोदेशी हिंडला आणि अखेर २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत त्याने किताब मिळवला. टाळलेल्या मल्लाची यापेक्षा मोठी सरशी नाही. पण किताब हाती आल्यावर याच जॉन्सनने सॅम लँगफर्ड या दुसऱ्या कृष्णवर्णीय योद्ध्याला किताबाची लढत कधी दिली नाही. १९०६ मध्ये त्याने लँगफर्डला एकदा हरवलेले होते. गोऱ्या प्रतिस्पर्ध्यांशी लढण्यात पैसा अधिक होता. पुढे जॅक डेम्प्सी आणि हॅरी विल्स यांची लढत करारापर्यंत पोहोचूनही झाली नाही.

जॉन्सनचे चाहते बर्न्सला भित्रा म्हणतात आणि लँगफर्डचा विषय निघाला की 'तो व्यवहार होता' म्हणतात. व्यवहार तर बर्न्सचाही होता! अलीकडे गेनादी गोलोवकिनबाबत हेच झाले. मोठे मुष्टियोद्धे त्याला टाळतात, असे त्याचे चाहते वर्षानुवर्षे म्हणत होते. २०१६ मध्ये तो खालच्या वजनगटातून आलेल्या केल ब्रूकशी लढला, तेव्हा विरोधक म्हणाले, हा लहानांशीच लढतो, वरच्या वजनात का जात नाही? पण वजन न बदलणे हा ज्यांनी त्याचा गुन्हा मानला, त्यांनी आपल्या आवडत्या योद्ध्याच्या बाबतीत त्यालाच शिस्त म्हटले.

नरसिंग, सुशील, मेरी, निखत

आता घरचे प्रकरण. नरसिंग यादव वाराणसीकडून मुंबईत आलेल्या कुटुंबातला, जोगेश्वरीत वाढलेला, २०११ ते २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. सप्टेंबर २०१५ मध्ये लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात त्याने कांस्य मिळवले आणि त्याबरोबर रिओ ऑलिंपिकची भारताची जागाही. दोन ऑलिंपिक पदके मिळवलेला सुशील कुमार खांद्याच्या दुखापतीमुळे त्या स्पर्धेत नव्हता. त्याने निवड चाचणी मागितली. महासंघाने नकार दिला. ६ जून २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सुशीलची याचिका फेटाळली.

त्या उन्हाळ्यात माझ्या वहीची बरीच पाने भरली. इकडे म्हणत होते, 'सुशीलला दुखापत सोयीची झाली.' तिकडून ऐकू येत होते, 'नरसिंग चाचणीला घाबरतो.' आपल्या मल्लाची दुखापत ही दुखापत, दुसऱ्याची ती सबब. आपल्या मल्लाने नियमावर बोट ठेवले तर हक्क, दुसऱ्याने ठेवले तर पळवाट. आणखी एक गोष्ट टिपलेली आहे. नरसिंग महाराष्ट्र केसरी झाला तेव्हा ज्यांनी त्याला 'बाहेरचा' म्हटले होते, त्यांतलेच काही २०१६ मध्ये 'महाराष्ट्रावर अन्याय' म्हणत होते. 'आपला' हे विशेषणसुद्धा समोर कोण आहे यावर अवलंबून असते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. नरसिंग उत्तेजक चाचणीत सापडला. अन्नात कुणीतरी भेसळ केली, हे त्याचे म्हणणे राष्ट्रीय संस्थेने १ ऑगस्टला मान्य केले. क्रीडा लवादाने १८ ऑगस्टला ते अमान्य करून चार वर्षांची बंदी घातली. ७४ किलोत भारताचा मल्ल उतरलाच नाही. त्यानंतर 'बघा, म्हणूनच तो चाचणी टाळत होता' असा निवाडा रूढ झाला. हा तर्क उलटा चालतो. जून-जुलैमधल्या नमुन्यांवरून मे महिन्यातल्या भूमिकेचा हेतू ठरवता येत नाही. नरसिंग दोषी धरला गेला हे एक, आणि चाचणी नाकारण्याची त्याची भूमिका योग्य होती की नाही हे दुसरे.

याच्या शेजारी २०१९ चे प्रकरण ठेवावे. मुष्टियुद्ध महासंघाने चाचणीविना मेरी कोमला जागतिक स्पर्धेला पाठवले. निखत झरीनने दाद मागितली आणि २८ डिसेंबरला ऑलिंपिक पात्रता स्पर्धेसाठी दिल्लीत चाचणी झाली. मेरी ९-१ ने जिंकली आणि तिने हस्तांदोलन केले नाही. निखत पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये विश्वविजेती झाली.

दोन्ही प्रकरणे एकत्र घेतली तर शौकिनासमोर चार भूमिका उरतात. नरसिंग आणि निखत या दोघांची बाजू सुसंगतपणे घेता येते. नरसिंगने प्रत्यक्ष पात्रता स्पर्धेतून जागा मिळवली होती. मेरीने २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकले, पण ती ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा नव्हती. सुशील आणि निखत यांचीही बाजू घेता येते. त्यामागचे तत्त्व असे की, आजचा उत्तम कोण हे आजच ठरवावे. नरसिंग आणि मेरी यांची बाजू घेणाऱ्याचे तत्त्व असे की, निर्णय संघटनेचा. यांतले कोणते बरोबर यावर वाद होऊ शकतो, पण तिन्ही तत्त्वे आहेत.

चौथी जोडी सुशील आणि मेरी यांची. एकासाठी चाचणी हवी आणि दुसरीसाठी नको. या भूमिकेला एकच तत्त्व पुरते: मोठ्या नावाला जे हवे ते द्यावे. माझ्या वहीत सर्वांत जास्त नोंदी या चौथ्या जोडीच्या आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंदूरच्या राष्ट्रीय स्पर्धेत सुशीलला उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम अशा तिन्ही फेऱ्यांत प्रतिस्पर्ध्यांनी न लढता पुढे चाल दिली, त्याला पुष्कळांनी 'आदर' म्हटले. न लढण्याला आदर म्हणायचे की टाळणे, हेसुद्धा नावावरूनच ठरले.

२०२३ मध्ये बजरंग पुनिया आणि विनेश फोगट यांना आशियाई स्पर्धेसाठी चाचणीतून सूट मिळाली, अंतिम पंघालने न्यायालयात दाद मागितली आणि तिची याचिका फेटाळली गेली. तेव्हा अनेकांनी चाचणीचे मत कुस्तीवरून ठरवलेच नाही. त्या वर्षीच्या आंदोलनात आपण कोणत्या बाजूला, यावरून ते ठरवले. विनेश दुखापतीमुळे बाहेर पडली, तेव्हा अंतिमला संधी मिळाली आणि तिने कांस्य आणले.

दोन केसरी

आता तर महाराष्ट्रात प्रश्न आणखी गुंतला आहे. संघटनेत फूट पडली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवले, धाराशिवला शिवराजने हर्षवर्धन सदगीरला. मुष्टियुद्धात चार संस्थांचे चार पट्टे असल्यामुळे कोण कोणाला टाळतो हा वाद जसा कायमचा झाला, तसाच आपल्याकडेही होण्याची ही सुरुवात आहे. याची किंमत मल्लाला मोजावी लागते. कुठल्या गदेसाठी लढावे हे त्याने कसे ठरवायचे? संघटना दोन, बंदीच्या धमक्या दोन, आणि तो मात्र एक. अशा वेळी त्याच्या निवडीला 'टाळाटाळ' म्हणणे सोपे आहे, पण त्याचे वय, खुराकाचा खर्च आणि उरलेली वर्षे त्या शब्दात मावत नाहीत.

म्हणून शौकिनांसाठी तीन प्रश्न सुचवतो. जोड लावण्याचा अधिकार खरोखर कोणाच्या हातात होता? नियम स्पर्धेआधी ठरला होता की नंतर? आणि दोघांची नावे अदलाबदल केली तर माझा निवाडा तोच राहील का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले, तर आपण मल्लाबद्दल बोलत नसून स्वतःबद्दल बोलत आहोत, असे खुशाल समजावे.

आमच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे. हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे, असा त्यात दावा आहे. भूतपालाने तुलनेसाठी किती लेणी पाहिली होती, हे लेख सांगत नाही. दगडात कोरलेला दावा दोन हजार वर्षे टिकतो आणि त्याने कुणाचे बिघडतही नाही. मल्लाच्या हाती मात्र दहा-बारा वर्षेच असतात. तेवढ्यात आपण त्याच्यावर कोणता शब्द कोरतो, 'टाळली' की 'मिळाली नाही', याचा हिशेब त्याला जन्मभर पुरतो.