कचेरींतला कल्पवृक्ष

सणाच्या दिवशीं माणसें एकत्र जमतात तीं बहुधा आपल्या आवडीच्या माणसांत. कचेरींतला सण मात्र या नियमास अपवाद होय. तेथें केवळ पगारामुळें एके ठिकाणीं आलेलीं माणसें वरिष्ठांच्या आज्ञेवरून आनंद करूं लागतात, आणि या सक्तीच्या आनंदांत विनोदाचें मोठें भांडार सांठलेलें असतें. 'दि ऑफिस' या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेनें तें ओळखलें होतें. मूळ कल्पना रिकी जर्व्हेस व स्टीफन मर्चंट या इंग्रज लेखकद्वयाची. तिचा अमेरिकन अवतार २००५ पासून २०१३ पर्यंत नऊ पर्वें चालला. पेनसिल्व्हानियांतील स्क्रँटन शहरीं असलेली एका कागदविक्या कंपनीची शाखा हें त्याचें स्थळ. नाताळचे भाग हें या मालिकेचें एक भूषणच होतें. म्हणूनच ८ डिसेंबर २०११ रोजीं दाखविलेल्या 'ख्रिसमस विशेस' या भागानें आमची जी निराशा केली, तिचें कारण शोधणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

शाखेचा नवा व्यवस्थापक अँडी बर्नार्ड हा हाताखालील प्रत्येकाची नाताळची इच्छा पुरविण्याचा विडा उचलतो. मागेल त्यास मागेल तें देणारा हा कचेरींतला कल्पवृक्षच! परंतु जेथें मागितलेलें सारें मिळतें तेथें हंसूं कशाचें येणार? विनोदाला अडचण लागते, नकार लागतो, हात आंखडता घेणारें कोणी तरी लागतें. येथें इच्छा सांगितली जाते, पुरविली जाते आणि प्रसंग संपतो. जोडीला जिम व ड्वाइट यांचें जुनें वैर आहे. पण अँडीनें बोनसची धमकी दिल्यामुळें दोघेही एकमेकांवर आळ आणण्याच्या खटपटीस लागतात. पूर्वीं त्यांच्या खोड्यांत दोन स्वभावांची झुंज दिसे. येथें उरतो तो नुसता पैशाचा हिशेब.

याच्याशीं ६ डिसेंबर २००५ चा 'ख्रिसमस पार्टी' हा भाग ताडून पाहावा. प्रत्येकानें एका सहकाऱ्यास गुप्तपणें वीस डॉलरपर्यंतची भेट द्यावी असें ठरलेलें असतें. तेव्हांचा व्यवस्थापक मायकेल स्कॉट स्वतः मात्र चारशें डॉलरांचा आयपॉड आणतो. आणि आपल्या वांट्यास घरीं विणलेला हातमोजा येतांच रुसून, कोणीही कोणाची भेट हिसकावून घ्यावी असा नवाच नियम करतो. त्यामुळें जिमनें पॅमसाठीं मोठ्या जिव्हाळ्यानें आणलेली चहाची किटली भलत्याच्या, म्हणजे ड्वाइटच्या, हातीं पडते. तिच्यांत दोघांच्या थट्टामस्करीच्या खुणा आणि एक पत्र असतें. पॅम आयपॉड देऊन किटली परत मिळविते. परंतु तोंवर जिमचें धैर्य खचलेलें असतें, आणि तो तें पत्र हळूच काढून घेतो. वीस डॉलरांच्या मर्यादेंतून केवढें हें नाट्य!

कल्पवृक्षाखालीं बसलेल्या वाटसरूची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. अन्न मनांत आलें, अन्न मिळालें. अंथरूण मनांत आलें, तेंही मिळालें. शेवटीं 'वाघ आला तर?' अशी शंका आली आणि वाघही आला. या भागाच्या लेखिका मिंडी केलिंग यांनाही असा एक वाघ गवसला होता. स्वागतिका एरिन हिचें अँडीवर अजून प्रेम आहे, आणि त्याची नवी मैत्रीण समारंभास आलेली आहे. मद्याच्या भरांत एरिन आपली इच्छा बोलून दाखविते : त्या मैत्रिणीला मरण यावें! सर्वांना वर देत सुटलेल्या भल्या माणसापुढें अखेर न पुरवितां येणारी इच्छा उभी राहते. एली केम्पर या नटीच्या निरागस चेहऱ्यावर ते शब्द फार बोंचतात. कथानकाचा गाभा तो हाच; पण लेखणी तेथेंच कचरते. कंपनीचा मुख्याधिकारी रॉबर्ट कॅलिफोर्निया एरिनला मोटारींतून घरीं नेतो. अँडी संशयानें पाठलाग करतो. आणि रॉबर्टनें तिला केवळ दारापर्यंत पोंचविलें असें निष्पन्न होतें! वाघाच्या ठिकाणीं वाघाचें नुसतें कातडें.

मायकेलची भूमिका करणारे स्टीव्ह करेल एप्रिल २०११ मध्यें मालिका सोडून गेले, तेव्हां असें होणारच, असा बचाव कोणी करील. तो आम्हांस मान्य नाहीं. एक नट गेल्यानें भूमिका रिकामी होते. प्रसंगांतील पेंच सोडून देणें हें त्याचें अपरिहार्य फल नव्हे. मायकेल व अँडी दोघेही प्रेमाचे भुकेले. पण मायकेल तें प्रेम मागतो आणि मागण्यांत हास्यास्पद होतो. अँडी देत सुटतो, आणि देणाऱ्याची फजिती करण्याचें धाडस लेखिकेस होत नाहीं. चांगुलपणाला हंसतां येत नाहीं असें थोडेंच आहे?

जिमनें २००५ सालीं काढून घेतलेलें तें पत्र मालिका संपतां संपतां, मे २०१३ मध्यें, पॅमच्या हातीं पडलें. त्यांत काय लिहिलें होतें हें प्रेक्षकांस शेवटपर्यंत कळूं दिलें नाहीं. 'ख्रिसमस विशेस' मधील कोणाची कोणती इच्छा पुरी झाली, हें मात्र तो भाग पाहिल्यावर आठवड्यानेंही कोणी सांगूं शकेल कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे.