आत्मशोधाची पायवाट : माथेरानच्या निमित्ताने

निसर्गाच्या सान्निध्यात 'स्व'ची ओळख पटते, हे आधुनिक मराठी ललित लेखनातील एक रूढ आशयसूत्र होय. शहरातून आलेला निवेदक, धुक्यातला कडा आणि अकस्मात लाभलेली शांती, असा त्याचा साचा. या साच्यात निसर्ग निर्मनुष्य असावा लागतो. तो तसा असतो काय, हा प्रस्तुत टिपणाचा प्रश्न आहे.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरानचा 'शोध' लावला, असे म्हटले जाते. ठाकर, कातकरी, धनगर यांना मात्र हा डोंगर त्याआधीच परिचित होता. तेव्हा 'शोध' या शब्दातच पाहणाऱ्याचे स्थान गृहीत धरलेले आहे. पुढे 'पॉइंट' ठरले, १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे आली. दृश्य कोठून पाहावे हेही पूर्वनियोजित झाले. मोटारबंदीने राखलेली शांतता घोडेवाले, हमाल व हातरिक्षा ओढणारे यांच्या श्रमांवर उभी राहिली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही हातरिक्षा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. आत्मशोधाच्या संहितेत मात्र ओढणाऱ्याची धाप क्वचितच ऐकू येते.

वास्तविक दैनंदिन अध्यात्माची मराठी परंपरा श्रमाला वगळत नाही. सावता माळ्याचा मळा, गोरोबांचे चिखल तुडवणे, जनाबाईचे दळण ही अनुभवाची केवळ पार्श्वभूमी नव्हे; तो अनुभवच तेथे घडतो. यावर तुकारामांच्या भंडारा डोंगरावरील एकांताचा आक्षेप घेता येईल. परंतु तो एकांत कीर्तनाच्या द्वारे पुन्हा लोकांत उतरतो. तो निवेदकाची खाजगी मिळकत होत नाही. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'मध्ये (१९५६) श्रमाचा नव्हे, तर अवधानाचा मार्ग दिसतो. तेथे महिन्यांच्या क्रमाने झाडे-फुले न्याहाळताना निवेदकाचा 'मी' मागे सरतो आणि त्यामुळेच त्याचे अनुभवविश्व विस्तारते.

यावरून एक निकष सुचवता येईल. निसर्गातील आत्मशोधाचे मूल्यमापन केवळ अनुभूतीच्या उत्कटतेवरून करणे अपुरे आहे. त्या शोधात 'स्व'बरोबर दुसरे कोण दिसू लागले, हेही तपासले पाहिजे. ज्याच्या पायांनी आपण कड्यापर्यंत पोहोचलो तोच अदृश्य राहिला, तर लाभलेल्या शांतीला आत्मशोध म्हणणे कठीण आहे.